फाळणीचा हिशेब : आंबेडकरांच्या ग्रंथाचें पुनर्परीक्षण

भविष्याविषयीं लिहिलेल्या राजकीय ग्रंथांचें आयुष्य बहुधा अल्प असतें. भाकीत चुकलें तर ग्रंथ हास्यास्पद ठरतो, आणि खरें ठरलें तर तो अनावश्यक होतो. कारण जें घडून गेलें तें घडणार होतें, हें पुनः वाचण्याची हौस कोणास असणार? डॉ. भीमराव आंबेडकर यांचा ‘थॉट्स ऑन पाकिस्तान’ हा ग्रंथ ह्या नियमास अपवाद आहे. १९४० सालच्या अखेरीस तो लिहून पुरा झाला. १९४५ सालीं ‘पाकिस्तान ऑर दि पार्टिशन ऑफ इंडिया’ ह्या नांवानें त्याची वाढविलेली आवृत्ति निघाली. आणि १९४७ सालीं ग्रंथाचा विषयच इतिहासजमा झाला. तरीहि तो आज वाचला जातो. वाचला जातो असें म्हणण्यापेक्षां उद्धृत केला जातो असें म्हणणें अधिक यथार्थ होईल. महाविद्यालयांत शिकवितांना आम्हांस असें आढळतें कीं, विद्यार्थ्यांपैकीं पुष्कळांना ह्या ग्रंथांतील दोन-चार वाक्यें पाठ असतात, परंतु ग्रंथ उघडून पाहिलेला विद्यार्थी शोधून काढावा लागतो. एक पक्ष त्यांतील एक उतारा पुढें करून ग्रंथकार फाळणीचे पुरस्कर्ते होते असें सिद्ध करतो. दुसरा पक्ष दुसरा उतारा पुढें करून ते एका समाजाचे शत्रु होते असें सिद्ध करतो. दोन्ही पक्षांची सिद्धता सारख्याच मोलाची आहे.

अशा स्थितींत ग्रंथ समग्र वाचून त्याचें मोल ठरविणें हें टीकाकाराचें कर्तव्य ठरतें. आमच्यापुढें प्रश्न असा आहे : राष्ट्राची राजकीय वांटणी झाली असतां त्याच्या प्रांतांचें काय होतें, खजिन्याचें काय होतें, आणि घरांचें काय होतें, ह्या तीन गोष्टींपैकीं ग्रंथकारानें काय पाहिलें, काय पाहिलें नाहीं, आणि जें पाहिलें नाहीं तें कां पाहिलें नाहीं? पंचाहत्तरांहून अधिक वर्षें लोटल्यावर ह्या प्रश्नांचें उत्तर देण्यास जो पुरावा लागतो तो आतां आपल्या हातीं आहे.

प्रथम ग्रंथाची जन्मकथा थोडक्यांत सांगितली पाहिजे. १९४० च्या मार्चमध्यें मुस्लिम लीगनें लाहोर येथें आपला सुप्रसिद्ध ठराव मंजूर केला. त्या ठरावाची भाषा इतकी संदिग्ध होती कीं, मागणी एका राज्याची कीं अनेक राज्यांची हेंहि त्यावरून निश्चित होत नव्हतें. कांहींनीं तो वेडेपणा म्हणून उडवून दिला, तर कांहीं संतापून उठले. आंबेडकरांच्या स्वतंत्र मजूर पक्षानें मात्र ह्या मागणीचा अभ्यास करण्यासाठीं एक समिति नेमली, आणि त्या अभ्यासाचें फळ म्हणजे हा ग्रंथ. हिंदी राजकारणांत भावनेच्या प्रश्नावर अभ्यास-समिति नेमणें ही गोष्टच मुळीं विरळा. ग्रंथाची रचनाहि त्याच वृत्तीस साजेशी आहे. पहिल्या भागांत पाकिस्तानच्या बाजूनें मुसलमानांचें म्हणणें, दुसऱ्या भागांत त्याविरुद्ध हिंदूंचें म्हणणें, आणि तिसऱ्या भागांत पाकिस्तान न झाल्यास दुसरा मार्ग कोणता ह्याचा विचार आहे. पुढील आवृत्तींत आणखी दोन भाग जोडलेले आहेत. एकच वकील दोन्ही पक्षकारांचीं कैफियतपत्रें तयार करीत आहे, आणि दोन्हींत सारखाच जीव ओतीत आहे, असा हा देखावा आहे. उताऱ्यांवर जगणाऱ्या वाचकाची फसगत होते ती येथेंच. पहिल्या कैफियतींतील वाक्य तो न्यायाधीशाचा निकाल म्हणून मिरवितो.

आणखी एक गोष्ट ध्यानांत घेतली पाहिजे. ग्रंथकार कायदेपंडित होते हें सर्वांस ठाऊक आहे. परंतु त्यांचें पहिलें शास्त्र अर्थशास्त्र होतें. १९२३ सालीं रुपयाच्या प्रश्नावर आणि १९२५ सालीं प्रांतिक अर्थव्यवस्थेच्या विकासावर त्यांनीं ग्रंथ लिहिले होते. प्रांत म्हणजे काय, त्याचा महसूल कोठून येतो, मध्यवर्ती सरकारशीं त्याचें देणेंघेणें कसें चालतें, ह्या विषयांचें इतकें ज्ञान त्या काळच्या राजकीय पुढाऱ्यांत क्वचितच आढळेल. म्हणून पाकिस्तानचा प्रश्न हातीं येतांच त्यांनीं स्वाभाविकपणें कोष्टकें मांडलीं. ह्या ग्रंथाचें बळ आणि त्याची उणीव हीं दोन्ही त्या कोष्टकांत आहेत.

आतां प्रांतांचा विचार करूं. लीगची मागणी पंजाब आणि बंगाल हे प्रांत सबंध मिळावेत अशी होती. ग्रंथकारांनीं जिल्ह्यांचे लोकसंख्येचे आंकडे काढून असें दाखविलें कीं, पंजाबच्या पूर्वेकडील व बंगालच्या पश्चिमेकडील जिल्ह्यांत मुसलमानांचें बहुमत नाहीं. आणि ज्या तत्त्वानें मुसलमान हिंदुस्थानांतून वेगळे होऊं मागतात त्याच तत्त्वानें हे जिल्हे पाकिस्तानांतून वेगळे होऊं शकतात. वांटणीच्या तत्त्वास आपण हवें तेथें थांबवूं शकत नाहीं, हा त्यांचा मुद्दा बिनतोड होता. सात वर्षांनंतर नकाशावर जी रेषा उमटली ती स्थूलमानानें ह्याच तत्त्वावर उमटली. ग्रंथाच्या दूरदृष्टीचें हें सर्वांत ठळक उदाहरण होय.

परंतु रेषा कोणत्या रीतीनें काढावी ह्याविषयीं त्यांनीं जें सुचविलें आणि प्रत्यक्षांत जें घडलें, त्यांत जमीनअस्मानाचें अंतर आहे. १९४५ च्या आवृत्तींत त्यांनीं एका कायद्याचा मसुदाच जोडला आहे. त्यांत संबंधित प्रांतांतील मतदारांचा कौल आहे, सीमा-आयोग आहे, आणि विभक्त झालेल्यांस पुढें पुनः एकत्र येण्याची इच्छा झाल्यास त्यासाठीं वाटहि मोकळी ठेवलेली आहे. प्रत्यक्षांत ३ जून १९४७ रोजीं फाळणीची योजना जाहीर झाली. थेट जनतेचा कौल वायव्य सरहद्द प्रांत आणि सिल्हेट एवढ्याच ठिकाणीं घेण्यांत आला. पूर्वीं हिंदुस्थान कधींहि न पाहिलेले सर सिरिल रॅडक्लिफ ८ जुलैस येथें आले, आणि सुमारे पांच आठवड्यांत त्यांनीं दोन प्रांत कापून दिले. स्वातंत्र्य १५ ऑगस्टला आलें. रेषा प्रसिद्ध झाली १७ ऑगस्टला. ह्या दोन दिवसांत मुर्शिदाबादेंत पाकिस्तानचें निशाण फडकत होतें आणि खुलना जिल्ह्यांत हिंदुस्थानचें; निवाडा बाहेर आला तेव्हां मुर्शिदाबाद हिंदुस्थानांत आणि खुलना पाकिस्तानांत गेल्याचें कळलें. आपण कोणत्या देशाचे नागरिक आहोंत हें माणसानें वर्तमानपत्रांत वाचून समजून घ्यावें, असा हा प्रसंग होता.

त्या रेषेनें ग्रंथकारांसहि सोडलें नाहीं. १९४६ सालीं आंबेडकर घटनासमितीवर निवडून आले ते मुंबईकडून नव्हे, बंगालकडून. बंगालची वांटणी होतांच त्यांची ती जागा गेली, आणि जुलै १९४७ मध्यें मुंबई प्रांतांतून त्यांस पुनः निवडून यावें लागलें. ज्यांच्या पाठबळानें ते बंगालमधून निवडून आले ते जोगेंद्रनाथ मंडल पाकिस्तानचे पहिले कायदेमंत्री झाले; पण १९५० च्या ऑक्टोबरांत राजीनामा देऊन त्यांस हिंदुस्थानांत परत यावें लागलें. दलितांच्या चळवळीचे दोन पुढारी, दोन देशांचे दोन कायदेमंत्री, आणि त्यांच्यामध्यें एक रेषा! फाळणीची ह्याहून तिखट टीका आम्हांस दुसरी माहीत नाहीं.

प्रांतांच्या विवेचनांत ग्रंथाचें एक वैगुण्य मात्र स्पष्ट दिसतें. राष्ट्र कशानें बनतें ह्याचा विचार करतांना ग्रंथकार फ्रेंच विचारवंत रेनां यांचा आधार घेतात : समान स्मृति आणि एकत्र राहण्याची इच्छा ह्यांनीं राष्ट्र बनतें. हिंदु आणि मुसलमान यांच्या स्मृति एकमेकांविरुद्ध आहेत, म्हणून तीं दोन राष्ट्रें मानावीं लागतील, असा त्यांचा युक्तिवाद आहे. परंतु हीच कसोटी लाहोरच्या मुसलमानास आणि ढाक्याच्या मुसलमानास लावली असती तर? त्यांच्या समान स्मृति कोणत्या होत्या? ह्या प्रश्नाकडे ग्रंथांत पुरेसें लक्ष दिलेलें नाहीं, आणि इतिहासानें तोच प्रश्न पुढें आणला. २१ फेब्रुवारी १९५२ रोजीं ढाक्यांत बंगाली भाषेसाठीं तरुणांनीं प्राण दिले; १६ डिसेंबर १९७१ रोजीं पाकिस्तानचेच दोन तुकडे झाले. प्रांतरचनेंत भाषेचें महत्त्व ग्रंथकार पुरतें जाणून होते. लीगची मागणी समजावून देतांना आंध्र आणि कर्नाटक यांच्या मागण्यांचा दाखला त्यांनींच दिला आहे. असें असतां धर्माच्या रेषेखालीं दबलेली भाषेची रेषा त्यांच्या दृष्टीस पडूं नये ह्याचें आश्चर्य वाटतें.

येथें न्यायासाठीं हेंहि सांगितलें पाहिजे कीं, वाढविलेल्या आवृत्तीच्या अखेरच्या भागांत पाकिस्तान झालेंच पाहिजे काय, असा प्रश्न ग्रंथकारांनीं स्वतःच विचारला आहे, आणि कॅनडा, स्वित्झर्लंड व दक्षिण आफ्रिका ह्या देशांचीं उदाहरणें देऊन भिन्न समाज एका राज्यघटनेखालीं नांदूं शकतात असें दाखविलें आहे. फाळणीचे पुरस्कर्ते म्हणून त्यांस मिरविणारे हा भाग वगळतात. त्यांस दूषण देणारेहि हा भाग वगळतात. दोघांचें एवढ्यापुरतें एकमत आहे.

आतां खजिन्याकडे वळूं. पाकिस्तान झाल्यास हिंदुस्थान दुबळा होईल, ही त्या काळची मोठी भीति. ग्रंथकारांनीं क्षेत्रफळ, लोकसंख्या आणि महसूल यांचीं कोष्टकें मांडून ती भीति खोटी ठरविली. लष्कराच्या बाबतींत तर त्यांचें विवेचन विशेष भेदक आहे. ग्रंथांतील कोष्टकाप्रमाणें १९१४ सालीं हिंदी सैन्यांत वायव्य भागांतील सैनिकांचें प्रमाण शेकडा ४७ होतें, तें १९३० सालीं शेकडा ५८.५ झालें. मध्यवर्ती सरकारच्या सुमारे १२१ कोटींच्या उत्पन्नांपैकीं सुमारे ५२ कोटी रुपये लष्करावर खर्च होत. हा पैसा बहुतांशीं इतर प्रांतांनीं द्यावा, आणि तो ज्या प्रदेशांत खर्च व्हावा तो प्रदेशच उद्यां विभक्त होऊं पाहतो, तर त्याचा वियोग इतका दुःखद कां वाटावा, असा त्यांचा रोखठोक सवाल होता. हिंदुस्थान दरिद्री होऊन बुडाला नाहीं हें आपण जाणतों. म्हणजे ह्या हिशेबाची बेरीज चुकली नव्हती.

तथापि राष्ट्राची संपत्ति म्हणजे केवळ महसूल नव्हे. शेत, कालवा, गिरणी, आगगाडी आणि बंदर यांची जी सांखळी असते तीच खरी संपत्ति, आणि ह्या सांखळीचा रकाना त्या कोष्टकांत नाहीं. ताग घ्या. अखंड बंगालच्या तागाच्या पिकापैकीं सुमारे तीन-चतुर्थांश पूर्व बंगालांत होई, आणि तागाच्या गिरण्या मात्र कलकत्त्याजवळ हुगळीच्या कांठीं होत्या. रेषा पडली आणि एका देशाकडे गिरणीवांचून ताग, तर दुसऱ्याकडे तागावांचून गिरणी राहिली. कापसाची गतहि तीच. पश्चिम पंजाब आणि सिंध येथें लांब धाग्याचा कापूस पिके. तो विणणाऱ्या गिरण्या मुंबई-अहमदाबादेस. आसामचा उरलेल्या हिंदुस्थानाशीं आगगाडीचा संबंधच तुटला. तो जोडण्यासाठीं नवा लोहमार्ग बांधावा लागला आणि तो १९५० च्या जानेवारींत सुरू झाला. घरांतील भावांनीं भांडीं वांटून घ्यावीं, आणि एकाच्या वांट्यास जात्याची खालची तळी, दुसऱ्याच्या वांट्यास वरची तळी यावी, असा हा प्रकार झाला.

रोख शिलकेच्या वांटणीनें तर राजकारणच हादरलें. पाकिस्तानचा वांटा ७५ कोटींचा ठरला. २० कोटी आधींच देण्यांत आले होते. काश्मीरांत लढाई सुरू असल्यानें उरलेले ५५ कोटी अडवून धरण्यांत आले, आणि गांधीजींच्या उपोषणाच्या दिवसांत, १९४८ च्या जानेवारींत, ते देण्याचा निर्णय झाला. पुढें सप्टेंबर १९४९ मध्यें हिंदुस्थाननें रुपयाचें अवमूल्यन केलें. पाकिस्ताननें केलें नाहीं. त्यांचे १०० रुपये आपल्या १४४ रुपयांबरोबर झाले, आणि दोन देशांमधील व्यापार जवळजवळ ठप्प झाला. १९५१ च्या फेब्रुवारींतील करारापर्यंत तो नीट सुरू होऊं शकला नाहीं. दोन राज्यें म्हणजे दोन नाणीं, आणि दोन नाणीं म्हणजे दोन इच्छा. ही गोष्ट रुपयाच्या प्रश्नावर स्वतंत्र ग्रंथ लिहिणाऱ्या अर्थशास्त्रज्ञाच्या फाळणीवरील ग्रंथांत यावयास हवी होती. ती आली नाहीं ह्याची चुटपूट आम्हांस वाटते.

पाण्याविषयीं तर काय सांगावें? पंजाबचे कालवे इंग्रजी अमदानींत एकच प्रांत मानून खणलेले होते. रेषेमुळें कालव्यांचीं डोकीं पूर्वेस आणि शेतें पश्चिमेस राहिलीं. १ एप्रिल १९४८ रोजीं पूर्व पंजाबनें पश्चिमेकडील कांहीं कालव्यांचें पाणी बंद केलें. मे महिन्यांत तात्पुरता समेट झाला. कायमचा करार होण्यास मात्र १९६० चा सप्टेंबर उजाडला. त्या सिंधु-जलकरारानें रावी, बिआस आणि सतलज ह्या नद्या हिंदुस्थानास दिल्या. तो करार १९६५ आणि १९७१ च्या युद्धांतूनहि टिकला. पण पहलगामच्या हत्याकांडानंतर, एप्रिल २०२५ मध्यें, हिंदुस्थाननें तो स्थगित ठेवल्याचें जाहीर केलें. वांटणीपत्रावर सह्या झाल्या म्हणजे वांटणी संपते, हा समज किती भाबडा आहे हें ह्यावरून दिसून येईल.

आतां घरांचा प्रश्न. येथें आमची टीका अधिक कठोर होणार आहे, आणि ती तशी होणें ग्रंथकारांच्या योग्यतेस साजेसेंच आहे. कारण लहान ग्रंथकाराकडून कोणी मोठी अपेक्षा करीत नाहीं.

ग्रंथकारांच्या ध्यानांत एक गोष्ट नेमकी आली होती. पंजाब आणि बंगाल येथें सीमा बदलून समाज वेगळे करतां येतील, परंतु सिंध आणि वायव्य सरहद्द प्रांत येथें हिंदु विखुरलेले असल्यानें तेथें सीमा कितीहि फिरविली तरी उपयोग नाहीं. तेथें लोकसंख्येची अदलाबदल हाच उपाय, असें त्यांनीं सांगितलें. आणि ग्रीस, तुर्कस्तान व बल्गेरिया यांनीं जें केलें तें आपण कां करूं शकणार नाहीं, असें विचारलें. अदलाबदल सक्तीची असावी कीं ऐच्छिक, मालमत्तेची भरपाई कशी व्हावी, सरकारची जबाबदारी कोठपर्यंत, असे व्यवहारी प्रश्नहि त्यांनीं उपस्थित केले. विषय टाळण्यापेक्षां हें शतपटीनें बरें होतें. इतर पुढारी अदलाबदलीचें नांव काढावयास तयार नव्हते, आणि म्हणूनच १९४७ सालीं लोक निघाले तेव्हां त्यांच्यासाठीं कोणतीच योजना तयार नव्हती.

तथापि त्यांनीं घेतलेलें उदाहरणच त्यांच्या निष्कर्षास पुरेसा आधार देत नाहीं. ग्रीस आणि तुर्कस्तान यांचा करार लोझान येथें ३० जानेवारी १९२३ रोजीं झाला. त्या अदलाबदलींत मोजलेल्या सुमारे १२ लक्ष ख्रिस्ती लोकांपैकीं बहुसंख्य लोक १९२२ सालींच, स्मर्ना शहर जळत असतां आणि नंतरच्या धांदलींत, जीव घेऊन पळालेले होते. करारानें त्यांस सुरक्षितपणें नेलें नाहीं. त्यांच्या परतीचा दरवाजा मात्र बंद केला. शिवाय माणसें निवडण्याची कसोटी धर्म हीच असल्यामुळें तुर्की भाषा बोलणारे ख्रिस्ती ग्रीसमध्यें परके म्हणून उतरले, आणि ग्रीक भाषा बोलणारे क्रीट बेटांतील मुसलमान तुर्कस्तानांत परके म्हणून उतरले. कोष्टकांत दोन्ही बाजू जुळल्या. माणसें जुळलीं नाहींत. जी सुव्यवस्थित शस्त्रक्रिया म्हणून दाखविण्यांत आली ती वस्तुतः घाव बसल्यावर बांधलेली पट्टी होती.

हिंदुस्थानांत तेंच अनेकपटींनीं घडलें. १९५१ च्या शिरगणतींत हिंदुस्थानांत सुमारे ७३ लक्ष आणि पाकिस्तानांत सुमारे ७२ लक्ष निर्वासित मोजले गेले. मृतांचे अंदाज दोन लक्षांपासून दहा लक्षांच्याहि पलीकडे जातात. म्हणजे किती माणसें मेलीं हेंहि आपणांस सांगतां येत नाहीं. सिंधची वांटणी झाली नाहीं, म्हणून तेथील हिंदूंच्या वांट्यास आपल्या भूमीचा एक तुकडासुद्धां आला नाहीं. जो सिंध १९३६ पर्यंत मुंबई इलाख्याचा भाग होता, आणि जेथें कराचींतील एका मोठ्या शाळेस नारायण जगन्नाथ वैद्य ह्या मराठी शिक्षणाधिकाऱ्याचें नांव होतें, तेथील हजारों कुटुंबें कल्याणजवळच्या लष्करी छावणींत येऊन पडलीं. त्या छावणीचेंच १९४९ सालीं उल्हासनगर झालें. पंजाब्यास अर्धा पंजाब उरला, बंगाल्यास अर्धा बंगाल उरला. सिंध्यास भाषा तेवढी उरली, आणि तीहि नातवांच्या तोंडून हळूहळू जाऊं लागली आहे.

अदलाबदलीच्या कल्पनेंत आणखी एक गृहीत दडलेलें असतें : ज्यास जावयाचें आहे त्यास सरकार जाऊं देईल. २७ नोव्हेंबर १९४७ रोजीं आंबेडकरांनीं पाकिस्तानांतील अस्पृश्यांस हिंदुस्थानांत निघून येण्याचें आवाहन केलें. परंतु सिंधमधील सरकारनें भंगीकाम करणाऱ्यांची सेवा अत्यावश्यक ठरवून त्यांस अडवून धरल्याची तक्रार डिसेंबरांत त्यांनाच पंडित नेहरूंकडे करावी लागली. ज्याचा उपयोग नाहीं त्यास हांकलावें, आणि ज्यावांचून रस्ते घाण राहतील त्यास ठेवून घ्यावें! राज्य आणि माणूस यांच्यांतील संबंध कोष्टकांत कधींच दिसत नाहीं, तो अशा वेळीं उघडा पडतो.

आणि स्त्रिया? पळवून नेलेल्या स्त्रियांची संख्या त्या काळच्या सरकारी अंदाजाप्रमाणें हिंदुस्थानांत सुमारे ५०,००० मुसलमान आणि पाकिस्तानांत सुमारे ३३,००० हिंदु व शीख अशी होती. त्यांच्या सुटकेचा करार डिसेंबर १९४७ मध्यें झाला, आणि १९४९ सालीं त्यासाठीं कायदा झाला. १ मार्च १९४७ नंतर कुटुंबापासून दुरावून अन्यधर्मी घरांत आढळलेली स्त्री ही पळविलेली समजली जावी, अशी त्या कायद्याची व्याख्या होती. तिची इच्छा काय आहे ह्यास त्यांत स्थान नव्हतें. पुष्कळ स्त्रियांस ह्या कायद्यानें नरकांतून बाहेर काढलें हें निर्विवाद आहे. परंतु कित्येक स्त्रियांस मुलें झालीं होतीं, कित्येकींस माहेरीं स्वीकारण्यास कोणी तयार नव्हतें. त्यांनाहि एका देशानें दुसऱ्या देशास परत केलें. जिनसांच्या वांटणींत पलंग आणि टंकलेखनयंत्रें मोजलीं गेलीं त्याच हिशेबांत स्त्रियाहि मोजल्या गेल्या.

आमचा ग्रंथावरील मुख्य आक्षेप येथें येतो. हिंदु कायद्याच्या सुधारणेसाठीं ज्यांनीं आपली सारी शक्ति पणास लावली, आणि तो मसुदा रखडला म्हणून १९५१ सालीं मंत्रिपदाचा त्याग करतांना ज्यांनीं तें एक प्रमुख कारण सांगितलें, त्या आंबेडकरांच्या दृष्टीनें स्त्री ही कुटुंबाची मालमत्ता नव्हती. ती स्वतंत्र व्यक्ति होती. मात्र ह्या ग्रंथांत व्यक्ति दिसत नाहींत, समाज दिसतात. हिंदु हा एक आंकडा, मुसलमान हा दुसरा आंकडा. ज्या ग्रंथकारानें आपल्या इतर लेखनांत समाजाच्या पोटांतील अन्याय उघडा करून दाखविला, त्यानेंच येथें समाज हा एकजिनसी ठोकळा मानून हिशेब केला. हा बुद्धीचा दोष नव्हे, साधनाचा दोष आहे. वांटणीच्या भाषेंत एकदां बोलूं लागलें कीं, अत्यंत न्यायी माणसालाहि ठोकळे मोजावे लागतात.

घरांवर पडलेली रेषा पुढें कायद्याच्या रूपानें अधिकच खोल गेली. १९४८ सालीं परवाने आले, १९५२ सालीं पारपत्रें आलीं. एक भाऊ कराचीस गेला म्हणून त्याचा लखनौच्या घरांतील वांटा सरकारी ताब्यांत गेला. १९६८ च्या शत्रु-मालमत्ता कायद्यास २०१७ सालीं जी दुरुस्ती झाली तिच्यामुळें वारस हिंदुस्थानचा नागरिक असला तरीहि ती मालमत्ता त्यास मिळत नाहीं. आजोबांनीं घेतलेला निर्णय नातवाच्या दारावर असा टांगलेला असतो.

हा घरांचा इतिहास कोणी लिहिला? राजकारण्यांनीं नव्हे. वेड्यांच्या इस्पितळांतील माणसांच्या अदलाबदलीवर सआदत हसन मंटोंनीं कथा लिहिली. यशपालांनीं ‘झूठा सच’ लिहिलें. भीष्म सहानींनीं ‘तमस’ लिहिली. आणि १९९८ सालीं उर्वशी बुटालिया यांनीं वृद्ध स्त्रीपुरुषांस बोलतें करून त्यांचें मौन ग्रंथबद्ध केलें. उर्दू, हिंदी, पंजाबी आणि बंगाली वाङ्मयानें जें ओझें उचललें त्याचा अल्पांशहि मराठीनें उचलला नाहीं. उल्हासनगर आपल्या उंबरठ्याशीं असूनहि नाहीं. आमच्या मतें आंबेडकरांच्या ग्रंथाची पूर्तता ह्या कथाकादंबऱ्यांनीं केली आहे. कोष्टकांत जो रकाना नव्हता तो त्यांनीं भरला.

मग सर्वच रेषा वाईट काय? असें आम्ही म्हणत नाहीं. आंबेडकरांनींच १९५५ सालीं भाषिक राज्यांवर लिहितांना मोठीं राज्यें लहान करावीं असा सल्ला दिला होता. मराठी भाषिकांचींहि चार राज्यें करावीं असें त्यांचें मत होतें. १ मे १९६० रोजीं मुंबई राज्याचीं दोन राज्यें झालीं. २०१४ सालीं तेलंगण वेगळें झालें. अशा वांटणीनंतरहि पाण्याचे आणि पैशाचे तंटे उरतात. बेळगांवच्या मराठी माणसास रेषेची वेदना काय असते हें आम्हीं सांगावयास नको. परंतु बेळगांवची लेक कोल्हापूरच्या माहेरीं येते तेव्हां तिला कोणी पारपत्र विचारीत नाहीं, आणि तिच्या भावाच्या घरास कोणी शत्रूची मालमत्ता म्हणत नाहीं. एका छपराखालीं घातलेली भिंत आणि छप्परच दुभंगून घातलेली भिंत यांतील हा भेद आहे. वांटणी किती न्याय्य आहे हें केवळ आंकड्यांवरून ठरत नाहीं. वांटणीनंतर एकमेकांकडे जाण्याची वाट उरते कीं नाहीं ह्यावरूनहि तें ठरतें. आपल्या मसुद्यांत परतीची वाट ठेवणाऱ्या ग्रंथकारास हा भेद कळत नव्हता असें कोण म्हणेल? ती वाट ज्यांनीं बंद केली त्यांनीं तो मसुदा वाचला नव्हता.

आजहि समाजासमाजांत कलह उद्भवला कीं, ‘एकदांची वांटणी करून टाका’ असें म्हणणारे लोक शहाण्यांत मोडतात. वस्ती वेगळी करा, शाळा वेगळ्या करा, बाजार वेगळे करा, अशी भाषा सुशिक्षितांच्या बैठकींतहि ऐकूं येते. त्यांनीं हा ग्रंथ अवश्य वाचावा, आणि वेचक उतारे सोडून तो पहिल्या पानापासून परिशिष्टांपर्यंत वाचावा. वांटणीचा इतका स्वच्छ, इतका निर्भीड आणि इतका अभ्यासपूर्ण विचार हिंदुस्थानांत दुसऱ्या कोणीं केलेला नाहीं. आणि ज्या विषयाचा इतक्या मोठ्या बुद्धीनें, इतक्या प्रामाणिकपणें विचार केला असतांहि सुमारे दीड कोटी माणसांचें घर हिशेबाबाहेर राहिलें, तो विषय त्याहून लहान बुद्धीच्या आणि कमी प्रामाणिक लोकांच्या हातीं देतांना आपण किती सावध असलें पाहिजे, ह्याचा निर्णय वाचकांनीं स्वतःच करावा.